गबाजी अस्वलाने झोपेत मागितलेली माफी

एका जंगलात गबाजी नावाचं एक अस्वल राहत होतं. मुलांनो, अस्वलं दिवसा झोपतात आणि ऊन उतरलं की कामाला लागतात, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. शिकवलं नसेल तर त्यात शाळेचा दोष नाही. अस्वलांनी कधी कळवलंच नाही.

गबाजीची बायको येसू. दोघांची गुहा ऐसपैस होती. दाराशी उंबर होता, मागच्या अंगाला वाळवीने भरलेली वारुळं होती. कशाची म्हणून कमतरता नव्हती. फक्त गबाजी रोज दुपारी झोपेतून ओरडत उठायचा.

"काय झालं?" येसू विचारायची.

"तेच स्वप्न."

स्वप्न असं होतं. एक उंच कडा. कड्याखाली गबाजीचा धाकटा भाऊ हैबती उभा. पाठमोरा. गबाजी त्याला हाक मारायला तोंड उघडायचा, पण आवाज फुटायचा नाही. एवढंच. एवढ्यावर तो घामाघूम व्हायचा.

हे स्वप्न काही उगाच पडत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी दोघे भाऊ मधासाठी त्या कड्याकडे गेले होते. कड्याला आग्या माश्यांचं मोहोळ होतं. गबाजी अर्ध्यापर्यंत चढला, खडकाला कान लावला आणि खाली येऊन म्हणाला, "माश्या गेल्यात उडून. तू हलका आहेस, तू चढ." हैबती चढला. माश्या गेल्या नव्हत्या. हैबतीचा उजवा डोळा कायमचा गेला.

तेव्हापासून हैबती ओढ्यापलीकडे एकटा राहत होता. गबाजी त्याला भेटायला गेला नव्हता. पहिल्या आठवड्यात त्याला वाटलं, आत्ता नको, तो चिडलेला असेल. महिन्याभराने वाटलं, आता इतक्या उशिरा काय तोंड घेऊन जायचं. मग वर्ष झालं. वर्ष झाल्यावर जाणं तर अगदीच विचित्र दिसलं असतं.

"ओढ्याला गुडघाभर पाणी आहे," येसू म्हणाली. "एकदा जाऊन भेटून या. स्वप्न थांबेल."

"अगं, असं घाईघाईने जाता येत नाही," गबाजी म्हणाला. "आधी स्वप्नाचा अर्थ तर लावायला हवा."

जंगलात स्वप्नांचे अर्थ वाघुळे सर लावत. सर जातीचे वटवाघूळ. वडाच्या फांदीला ते उलटे लटकलेले असत, त्यामुळे त्यांना स्वप्नाची दुसरी बाजू दिसते, असं सगळे मानत. एका कोल्ह्याला विहिरीत पडल्याचं स्वप्न पडलं, तेव्हा सरांनी त्याचा अर्थ बढती असा सांगितला होता. दोन दिवसांनी कोल्हा विहिरीत पडला. सर म्हणाले, आता इथून पुढे वरच जायचं आहे.

गबाजीने सरांना स्वप्न सांगितलं.

"भाऊ पाठ दाखवतो," सर म्हणाले. "पाठ म्हणजे पाठिंबा. तुम्हाला लवकरच मोठा पाठिंबा मिळणार आहे. निवडणुकीचा काही विचार?"

"नाही."

"करा."

"आणि माझा आवाज फुटत नाही, त्याचं काय?"

"ते मौन. मोठ्यांना बोलावं लागत नाही."

गबाजीला फार बरं वाटलं. घरी येऊन त्याने येसूला सगळं सांगितलं. येसू वारूळ उकरत होती. उकरता उकरता तिने विचारलं, "आणि भाऊजींच्या डोळ्याचा अर्थ काय सांगितला?"

"डोळ्याचा विषय निघाला नाही. स्वप्नात तो पाठमोरा आहे ना. डोळा दिसत नाही."

येसूने वारूळ जरा जोरात उकरलं.

अर्थ कळला तरी स्वप्न थांबलं नाही. तेव्हा सरांनी गबाजीला वरच्या वर्गात घेतलं. वरचा वर्ग म्हणजे सात दिवसांचं जागृत स्वप्न शिबिर. वडाखाली भरायचं. शिबिरात एक ससा होता, एक मोर होता आणि एक म्हातारी घोरपड होती. तिला स्वप्नं पडतच नव्हती, पण शिबिरं आवडायची.

"स्वप्नात आपण असतो," सर म्हणाले, "पण हे स्वप्न आहे, हे आपल्याला तिथे ठाऊक नसतं. म्हणून आपण घाबरतो. ज्याला आतच ठाऊक झालं, तो तिथला मालक. त्याने कड्याला सांगावं बस, की कडा बसतो."

"पण आत असताना ठाऊक कसं व्हायचं?" सशाने विचारलं.

"सवयीने. जागेपणी सारखं स्वतःला विचारायचं, मी स्वप्नात तर नाही? आणि पंजाची नखं मोजायची. पाच भरली तर तुम्ही जागे. स्वप्नात नखं कधी पाच भरत नाहीत. सवय मुरली की झोपेतही तुम्ही मोजाल, आणि मोजलं की कळेल."

गबाजी मन लावून शिकणारा होता. तो उठता-बसता नखं मोजू लागला.

"अहो, गुहेत मागून पाणी झिरपतंय," येसू म्हणाली.

गबाजीने पंजा वर केला. "एक, दोन, तीन, चार, पाच. बरोबर आहे. खरंच झिरपतंय." आणि तो समाधानाने पुढे गेला.

नवव्या दिवशी दुपारी पुन्हा कडा आला. हैबती आला, पाठमोरा. गबाजीने घाबरत घाबरत पंजा वर केला. नखं सात होती.

"हे स्वप्न आहे," गबाजी म्हणाला. त्याचा आवाज चक्क फुटला.

"हैबती, वळ," तो म्हणाला. हैबती वळला. तीन वर्षांत गबाजीने भावाचं तोंड पाहिलं नव्हतं.

"माझं चुकलं. मला माफ कर."

"जाऊ दे, दादा," हैबती म्हणाला.

गबाजी जागा झाला तेव्हा त्याच्या गालावरचे केस ओले होते. येसूने ते पाहिले. ते रडणं अगदी खरं होतं, मुलांनो. त्याबद्दल कुणी शंका घेऊ नये.

मग हे रोजचंच झालं. चौथ्या दिवशी हैबतीला वळ म्हणून सांगावंही लागलं नाही. सहाव्या दिवशी गबाजीचं वाक्य पूर्ण होण्याआधीच तो जाऊ दे म्हणाला. आणि एका मंगळवारी गबाजीने त्याला उजवा डोळा परत दिला. नुसतं म्हणायचं होतं, ते त्याने म्हटलं. दोघांनी गळ्यात गळा घातला आणि बसक्या झालेल्या कड्यावर बसून मध खाल्ला.

गबाजीचं ओरडणं थांबलं. अंग भरलं, केसांना चकाकी आली. तो भेटेल त्याला सांगू लागला, की माझं आणि हैबतीचं मिटलं.

येसूच्या कानावर आलं तेव्हा तिला फार आनंद झाला. "मग भाऊजी जेवायला कधी येणार?"

"येऊन गेला," गबाजी म्हणाला. "आज दुपारीच."

त्यानंतर काही दिवसांनी ओढ्यापलीकडचं एक साळिंदर गुहेच्या दाराशी आलं.

"हैबतीचा निरोप आहे," ते म्हणालं. "त्याचा डावा डोळाही आता अंधुक झालाय. वारूळ त्याला वासाने सापडतं, पण परतताना घर सापडत नाही. दोनदा ओढ्यात पडला. दादाला म्हणावं, एकदा येऊन जा."

गबाजी चकित झाला. "पण त्याचे तर दोन्ही डोळे मंगळवारपासून चांगले आहेत."

"कुणाचे?" साळिंदराने विचारलं.

"त्याला सांगा, काळजी करू नको. मी बघतो," गबाजी म्हणाला. मग तो आत गेला, झोपला आणि त्याने बघितलं.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी येसू कुणाला न सांगता ओढा ओलांडून गेली. हैबती त्याच्या गुहेत होता. पार वाळला होता. दाराकडे तोंड आहे असं समजून तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"भाऊजी, चला," येसू म्हणाली.

हैबतीने तिचा आवाज ओळखला. तो उठला, तिच्या पाठीवरचे केस त्याने दातांत हलकेच धरले आणि तिच्या मागोमाग चालू लागला. ओढ्यात ती थांबून थांबून चालली, आणि गबाजीच्या स्वप्नांचं सगळं तिने वाटेत त्याला सांगितलं.

दोघे पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि गबाजी नुकताच उठून आळस देत होता. दारात हैबतीला पाहून त्याने पंजा वर केला. नखं पाच होती. त्याने दुसरा पंजा मोजला. मग पायांची मोजली. सगळी मिळून वीस भरली.

"दादा?" हैबती म्हणाला. तो जरा चुकीच्या दिशेला बघत होता.

गबाजीने घसा साफ केला. वाक्य तर त्याला पाठच होतं. "हैबती, माझं चुकलं. मला माफ कर."

याच वाक्यासाठी येसू तीन वर्षं थांबली होती.

गबाजी "जाऊ दे, दादा" ऐकायला थांबला. इथे हैबतीची पाळी होती. पण हैबतीने ते म्हटलं नाही.

"दादा, एक विचारू?" तो म्हणाला. "तू खडकाला कान लावला होतास. आत गुणगुण ऐकू आली होती का?"

आता मुलांनो, हे मला सांगावंच लागेल. ऐकू आली होती. फार नाही, बारीक. गबाजीला लहानपणापासून माश्यांची भीती वाटायची. हैबतीला वाटत नसे. गबाजीने विचार केला, असतील चार-दोन राहिलेल्या, आणि तो खाली उतरला. हे त्याने येसूला कधी सांगितलं नव्हतं. वाघुळे सरांनाही सांगितलं नव्हतं, कारण सरांनी विचारलं नव्हतं. स्वप्नातल्या हैबतीनेही कधी विचारलं नव्हतं. तो फार समजूतदार होता.

गबाजीने तोंड उघडलं आणि नुसतंच उघडं ठेवलं.

"उत्तर काही असलं तरी चालेल मला," हैबती म्हणाला. "फक्त माहीत असलेलं बरं. एकटा असलो की तेच डोक्यात येत राहतं."

"एक मिनिट," गबाजी म्हणाला.

तो आत गेला, भिंतीकडे तोंड करून आडवा झाला आणि त्याने डोळे मिटले. अलीकडे त्याला चांगली सवय झाली होती. थोड्याच वेळात त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

हैबतीला ते दिसत नव्हतं. "वहिनी, दादा काय करतोय?"

"तुमची समजूत घालतोय," येसू म्हणाली.

हैबतीने मान हलवली. "तिथे मी बरा आहे ना?"

"हो. डोळे आहेत तुम्हाला तिथे."

हैबती थोडा वेळ बसला. आतून संथ घोरणं येत होतं. मग तो उठला. "मग मी निघतो," तो म्हणाला.

त्याला वाट दाखवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून येसू त्याच्याबरोबर गेली. दुसऱ्या दिवशीही कुणीतरी हवं होतं. त्याच्याही पुढच्या दिवशी हवं होतं. त्यामुळे ती परत आलीच नाही. हे गबाजीच्या तीन दिवसांनी लक्षात आलं. मग त्याने तिलाही परत आणलं. दुपारी झोपला की ती येते, वारूळ उकरून ठेवते आणि भाऊजींच्या डोळ्याबद्दल एक अक्षर काढत नाही.

वर्षअखेरीस वाघुळे सरांनी वडाखाली मोठी सभा भरवली आणि गबाजीला आदर्श बंधू म्हणून सर्वांसमोर गौरवलं. गबाजी बोलायला उभा राहिला. भावाची पाठ कशी फिरली होती, माफीचे शब्द कसे फुटले, कड्यावर बसून दोघांनी मध कसा खाल्ला, हे त्याने सांगितलं. तो मनापासून बोलत होता. ससा रडला. मोर रडला. कोल्ह्याने डोळे पुसले.

येसू आणि हैबती उंबरं शोधत त्या बाजूला आले होते. आवाज ऐकून हैबती थांबला. गर्दीच्या अगदी मागे, म्हाताऱ्या घोरपडीशेजारी, तो शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला.

घोरपड हुंदके देत होती. हैबती कोण, हे तिला माहीत नव्हतं. "असा भाऊ मिळायला भाग्य लागतं," ती त्याला म्हणाली.

"लागतं," हैबती म्हणाला. "मला नाही मिळाला."

मग येसूने पाठ पुढे केली आणि दोघे ओढ्याकडे गेले.

तात्पर्य: माफी नेहमी झोपेत मागावी. जागेपणी मागितली, तर समोरचा काहीतरी विचारतो.