सन्मानपेटीची किल्ली

एका जंगलात, बाळांनो, पाणी सोडून सगळं होतं.

झरा होता, पण दरड कोसळली आणि त्याच्या तोंडावर एक धोंडा येऊन बसला. पाच-सहा दांडग्यांनी खांदा लावला असता तर हलला असता. पण दांडगे सगळे ज्येष्ठ होते, आणि ज्येष्ठांना सवड नव्हती.

कारण ज्येष्ठांनी शब्दवन काढलं होतं. बिळाबिळात संगणक. त्यात चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. ‘तुम्ही झऱ्याकाठी आहात. इथे एक धोंडा आहे.’ आपण लिहायचं, ‘धोंडा हलव.’ उत्तर यायचं, ‘धोंडा हलला.’ मग लिहायचं, ‘पाणी पी.’ उत्तर यायचं, ‘तुम्ही पाणी प्यायलात. गार वाटलं.’

झालं! गार वाटून घ्यायचं. ज्याला वाटणार नाही तो उद्धट.

हौसा साळिंदर अशीच एक उद्धट. शाळेत तिला पोहण्यात शंभरपैकी शंभर मिळाले होते. परीक्षा शब्दवनातच झाली होती, अंगावरचा एक काटाही भिजला नव्हता. त्याच दिवशी तिनं शाळा सोडली.

आता तिची आई तीन दिवस उठली नव्हती. चघळायची ओली मुळंही संपली होती. हौसा तडक शब्दवनाच्या अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष म्हणजे आबासाहेब गवा.

“आबासाहेब, धोंडा हलवायचाय. खांदा लावायला चला.”

“अगं पोरी, हलवलाय की! मंगळवारीच. एकशेचार जणांनी हलवला. टाळ्यासुद्धा झाल्या.”

“वाजवल्या, की लिहिल्या?”

“तेच ते. तुमच्या पिढीला नुसत्या शंका! आमच्या वेळी पाणी प्यायला दोन कोस चालावं लागायचं, माहितीये?”

“म्हणजे पाणी होतं.”

आबासाहेबांची जीभ कोरडी ठणठणीत पडली होती. पण बोलायची थांबली तर ती आबासाहेबांची जीभ कसली!

“आधी शाळा पुरी कर,” शेजारून दाजी रानडुक्कर खेकसले, “मग आम्हाला शिकव.”

हौसा घरी आली. आईच्या ओठांवर पांढरी साय धरली होती. हौसा संगणकापुढे बसली.

शब्दवनात कुणालाही नवी वस्तू मांडता यायची. वस्तूचं नाव लिहायचं, आणि हात लावला की काय होईल ते लिहायचं. ज्येष्ठांनी चारशे वस्तू मांडल्या होत्या, त्यातले तीनशे नव्वद त्यांचे स्वतःचे पुतळे. हौसानं एकच मांडली.

‘इथे एक सन्मानपेटी आहे. आत शाल, श्रीफळ आणि मानपत्र आहे. मानपत्रावर तुमचंच नाव आहे.’

‘पेटी उघड’ असं लिहिलं की उत्तर यायचं, ‘कुलूप आहे. किल्ली खऱ्या झऱ्यावर, खऱ्या धोंड्याखाली आहे.’

सकाळी झऱ्यावर ही गर्दी! ज्यांचे गुडघे दुखत होते ते सगळ्यांत पुढे.

“सरका, सत्कार माझा आहे!” आबासाहेबांनी धोंड्याला खांदा दिला.

“तुमचा तीनदा झालाय!” म्हणत दाजींनी मुसंडी मारली. अस्वलआजींनी दोघांच्या मधून डोकं खुपसलं. मागून उरलेल्यांची रेटारेटी. कुणी कुणाला मदत करत नव्हतं, बाळांनो. प्रत्येक जण दुसऱ्याच्या आधी किल्ली गाठायला ढकलत होता.

धोंडा गडगडला. पाणी उसळलं.

हौसानं पळसाच्या पानांचा द्रोण भरला आणि धूम ठोकली. मागे ज्येष्ठ कमरेइतक्या पाण्यात उभे राहून किल्ली शोधत होते. पाणी प्यायचं कुणाला सुचलं नाही.

दुपारी शब्दवनात सभा भरली. खोटी पेटी मांडल्याबद्दल हौसाला शब्दवनातून कायमचं हाकललं. धोंडा मंगळवारीच हलला असल्यामुळे आलेलं पाणी मंगळवारचंच आहे, असाही ठराव झाला. आबासाहेबांचा आणखी एक पुतळा मांडला गेला.

इकडे आई द्रोण संपवून उठून बसली.

“हौसे, एवढा धोंडा हलवला तरी कुणी गं?”

“थोरामोठ्यांनी,” हौसा म्हणाली, आणि दुसरा द्रोण भरायला निघाली.

तात्पर्य: थोरामोठ्यांचा सत्कार करायला कधीही मागेपुढे पाहू नये. फक्त सत्काराची जागा आपण ठरवावी.