बिनफोडणीचे दिवस

पंच्याहत्तर सालची गोष्ट. भागिरथेच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीच्या, खोकल्याचं औषध आणायला मी वाशीमच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. आलोच आहोत तर आपलंही पोट दाखवून घ्यावं, अशी दुर्बुद्धी मला सुचली. (कोर्टातला कारकून फुकटचं काही सोडत नाही.) डॉक्टरांनी बरगडीखाली बोटं खुपसली आणि त्यांचा चेहरा उतरला. यकृतावर चरबी चढली होती. तळण, मटण, गोडधोड, तेलाची फोडणी सगळं बंद; पालेभाज्या, उसळी, वरण आणि ज्वारीची भाकर खा, नाहीतर यकृत कामातून जाईल, असं ते म्हणाले.

घरी येऊन मी अंथरूणच धरलं. माझे वडील पोटाच्याच दुखण्यानं गेले होते, त्यामुळे मला मरण दारात दिसू लागलं. खरंच घाबरलो होतो मी. भागिरथेनं तेलाची बरणी माळ्यावर टाकली आणि माझ्यासोबत स्वतःही उकडलेली चवळीची भाजी गिळू लागली.

आता आमची आणि शेजारच्या केशरबाईंची भिंत एकच. आठवडाभर आमच्याकडून ना फोडणीचा आवाज, ना ठसका. आमच्यात बिनफोडणीचं फक्त सुतकात शिजतं. त्यातून मी रजेवर, दाराबाहेर न दिसणारा. केशरबाईंनी काय ते ताडलं आणि दुखवट्याच्या घरी नेतात तशी पिठलं-भाकर घेऊन, आळीतल्या बायांसह त्या हजर झाल्या.

"कोन गेलं वं माय?" त्यांनी हलकेच विचारलं.

भागिरथेनं इतके दिवस कोंडलेलं रडू तेवढ्यानं फुटलं. हुंदके देत तिनं नुसता आतल्या खोलीकडे हात केला. झालं! बायांनी माझ्या नावानं गळा काढला. "मानूस तसा वाईट नोता," एवढंच एकीला सुचलं. मी लेंगा सावरत बाहेर आलो, तर मला पाहून कोणाला आनंद झालेला दिसेना.

केशरबाई तर रागावल्याच. "जित्ते हाये तं फोडनी काहून देत नाई?"

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा पोट चाचपलं. यकृतावरची चरबी पुष्कळ उतरली होती. हेच खाणं पुढंही चालू ठेवा, म्हणाले. मी धावतच घरी येऊन सांगितलं. भागिरथेनं देवापुढे हात जोडले आणि पुन्हा रडायला बसली.

"आता काहून रडून राह्यली? वाचलो ना मी."

"वाचले, लय बरं झालं," पदरानं नाक पुसत ती म्हणाली. "पन सुतक असतं तं तेराव्या दिवशी गोड तरी भेटलं असतं. तुमचं हे तं आता जलमभर."