लावा म्हणाली, लावलं

साहेबांनी आठवड्याची रजा काढली आणि बायकोला सांगितलं, "घर मी बघतो. तू बिनधास्त जा." (साहेब म्हणजे कारकून. ऑफिसात त्यांना कुणी साहेब म्हणत नसे, म्हणून घरच्यांनी ती सोय केली होती.) बायकोला गणवेश शिवायच्या कारखान्यात आठवडाभर बोलावलं होतं. काम पसंत पडलं तर कायम. लग्नानंतर ती पहिल्यांदाच स्वतःच्या कामाला निघाली होती. नोकरी तिला इतकी हवी होती, की हवी असं ती एकदाही म्हणाली नाही.

सोमवारी साहेबांनी तिला फोन करकरून भंडावून सोडलं. मीठ कुठे, डाळीत पाणी किती, म्हातारी आई ओरडतेय ती भुकेने की सवयीने. संध्याकाळी ती म्हणाली, "आता कामावर फोन केलात, तर मी तिथेच राहायला जाईन." साहेबांनी शब्द दिला. मंगळवारी डाळ करपली, बुधवारी पांढरे शर्ट गुलाबी झाले, पण फोन नाही. याचा त्यांना कोण अभिमान.

गुरुवारी दुपारी तिचाच फोन आला. मागे शिलाई मशिनांची खडखड. "अहो, ऐका, लगेच..." खडखड खडखड, "...लावा हं." आणि फोन कट.

"काय म्हणाली आई?" कॉलेज सोडून घरी बसलेल्या मुलीने विचारलं.

"लावा म्हणाली."

"काय?"

"तेच ऐकू नाही आलं."

"मग करा फोन, विचारा."

"शब्द दिलाय मी."

(आजवर दिलेले सगळे शब्द सुखाने गिळलेला माणूस नेमका हा पाळायला बसला. पन्नाशी उलटली की पुरुषाला 'कळलं नाही, पुन्हा सांग' एवढं म्हणता येत नाही. जीभ अडते.)

"घरात लावण्यासारखं असून असणार किती?" म्हणत साहेब उठले.

भात तयार होता तरी कुकर लावला. घड्या घातलेले कपडे कोंबून मशीन लावलं. गीझर लावला, इस्त्री लावली, भर दुपारी दिवे लावले. खिडक्या लावल्या, मग घुसमटलं म्हणून पंखे लावले. झोपलेल्या आईच्या गुडघ्याला मलम लावलं.

"दुखतोय तो दुसरा," आई डोळे न उघडता म्हणाली. "तुझ्या बापालाही कधी कळलं नाही."

"टीव्ही लावू?"

"लाव."

टीव्ही लावला आणि फट् झालं. अख्खं घर गप्प. मशीन पोटात पाणी घेऊन बसलं.

संध्याकाळी बायको आली तेव्हा साहेब स्टुलावर उभे राहून फ्यूजकडे बघत होते. (त्यापलीकडे त्यांना फ्यूजचं काही येत नव्हतं.)

"हे काय चाललंय?"

"तूच म्हणालीस, लावा. दिसेल ते लावलं. काय राहिलं ते सांग."

"फोन."

"काय?"

"लगेच मला फोन लावा, म्हणाले होते. माझा बॅलन्स संपला. मालकीणबाई कायम करत होत्या, तासाभरात हो की नाही सांग म्हणाल्या. म्हटलं, तुम्हाला विचारावं, घराचं जमेल का."

साहेब सावकाश स्टुलावरून उतरले. "मग? गेली नोकरी?" त्यांच्या आवाजात आज पहिल्यांदाच साहेब नव्हता.

"तुमचा फोन येईना. मग न विचारताच हो म्हणून टाकलं." चप्पलही न काढता ती खुर्चीत बसली आणि हसली. "लावला असतात ना, तर तुम्ही मीठ कुठे विचारलं असतं, आणि मी नाही म्हणून परत आले असते."

साहेबांनी यातलं एवढंच घेतलं, की त्यांनी फोन लावला नाही म्हणून नोकरी लागली. पाच मिनिटांत ते गच्चीवर जाऊन धाकट्या भावाला फोनवर सांगत होते, "अरे, मिसेसला नोकरी मीच लावली."

आवाज खाली येत होता. मशीनमधलं पाणी मगाने उपसणारी मुलगी थांबली. "आई, ऐकलंस?"

"बोलू दे गं," बायको म्हणाली. "आज त्यांनी लावलेल्यातलं तेवढं एकच चालू आहे."