आबा परबांचं निदान

आबा परबांच्या दाराची बेल एकदा दाबून दार उघडल्याचं मला आठवत नाही. पहिल्यांदा दाबली की आतून आवाज येतो, "ओढलंस! परत दाब." दुसऱ्यांदा, "मनगट मोडलंस." तिसऱ्यांदा माणूस घाबरून इतकी हळू दाबतो की बेल वाजतच नाही. तारकर्लीत त्यांच्या शेजारी मी पर्यटकांसाठी चार खोल्या चालवतो. वाटीभर साखर हवी असली तरी मला परीक्षेला बसावं लागतं.

आबांची हयात पोलिसांच्या शस्त्रागारात बंदुका नीट करण्यात गेली. निवृत्त होऊन गावी आले, माडांच्या बागेत पत्र्याची शेड घातली आणि पोरींना हवेचं पिस्तूल चालवायला शिकवू लागले. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या दुःखांचं कारण एकच, माणूस चाप दाबत नाही, ओढतो. उजव्या हाताने ओढला की नेम डावीकडे खाली जातो. माझ्या मेहुण्याचं लग्न मोडलं तेव्हाही आबा म्हणाले, "घाई केल्यान. डावीकडे, खाली." नवं पिस्तूल घेऊन कोणी तक्रार करत आलं, तर ते हत्याराकडे बघतही नाहीत. "पिस्तुलाक कित्याक गाळी घालतंस? हात दाखव."

गेल्या हिवाळ्यात नफिसाचं नवं पिस्तूल आलं. नफिसा मालवणच्या मासळीच्या व्यापाऱ्याची मुलगी, आबांची सगळ्यात चांगली शिष्या. आठ दिवसांवर राज्याच्या संघाची निवड होती आणि तिचे छर्रे काळ्या वर्तुळाच्या डावीकडे खाली पडत होते. आबांनी अर्थातच तिच्या बोटाला दोष दिला. दोन दिवस ऐकून घेतल्यावर ती वैतागली.

"आबा, तुमी मारून दाखवा!"

आबांनी आधी टाळलं. चष्मा पुसला, छर्रे बदलले, वाऱ्याला नावं ठेवली. पण सगळ्या पोरी जमल्या होत्या. शेवटी त्यांनी पाच छर्रे मारले. कागदावर कांजिण्या उठाव्यात तसे ते चहूकडे विखुरले.

मग मीच शहाणपणा केला. "आबांचाही नेम लागत नाही, म्हणजे पिस्तूलच खराब." सगळ्यांना ते पटलं. आबा पिस्तूल घेऊन घरी गेले. निवडीला जातच नाही, असं नफिसाने सांगून टाकलं.

तिसऱ्या दिवशी आबांनी मला आणि नफिसाला, दोघांनाच बोलावलं. टेबलावर वाळूच्या पिशव्यांमध्ये पिस्तूल घट्ट बसवलं होतं. "तू दाब," ते मला म्हणाले. एकेक छर्रा भरून मी पाचदा चाप दाबला. पाचही एकाच भोकात.

"दुरुस्त केलंत वाटतं?" मी विचारलं.

सुटायची वाट मी त्यांना आयती दिली होती. हो म्हटलं असतं तर आबांचं नाव राहिलं असतं. नफिसाने मात्र आपलं बोट पुन्हा कधी तपासलं नसतं. आबांनी पिशव्या सारून पिस्तूल बाजूला ठेवलं.

"नाय. पिस्तूल पयल्यापासून बरा आसा." त्यांनी उजवा हात तिच्यासमोर धरला. तो थरथरत होता. "दीड वर्षा झाली. कोणाक सांगूक नाय. सांगितलंय तर माझ्याकडे शिकाक कोण येतला?"

"म्हंजे माझीच चूक?"

"तुझी बोटाची. ती सुदारतली. माझी नाय सुदारूची."

आबा घरात एकटे. पोरी यायच्या थांबल्या तर दिवसभर बोलायचं कोणाशी, याची धास्ती घेऊन हा माणूस दीड वर्षं जगला आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मला पत्ता नव्हता. लाज वाटली मला.

नफिसाने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"सोड गो," आबा म्हणाले, "माणसा बघतत."

बघायला मी एकटाच होतो. मी पाठ फिरवली आणि पलीकडचा कागद काढायला गेलो. चांगला सावकाश काढला. परत आलो तरी आबांनी हात सोडवून घेतला नव्हता.