देवस्थळींचा जकातनाका

जपानमधल्या आमच्या ओजिमाच्या इमारतीत भारतातून कुणीही परतलं, की देवस्थळी लिफ्टपाशी उभे. "वहिनी, बॅग उघडा. अफू आहे?" अफू म्हणजे खसखस. अनारशांसाठी आणलेल्या पुडीतली चिमूटभर जकात म्हणून तोंडात टाकायचे, मगच मला वर सोडायचे.

हा माणूस विद्यापीठात इतिहासाचा संशोधक. विषय, इंग्रजांच्या काळातला अफूवरचा कर. माळव्याची अफू मुंबईहून चीनला गेली तर कर इंग्रजांना. म्हणून व्यापारी ती पोर्तुगीजांच्या दमणहून पाठवायचे, आणि मग दोन सरकारांची जुंपायची. हे सगळं मला खाली कचरा वेगळा करता करता ऐकावं लागायचं. "अफू वाईट, असं दोघांतलं कुणीच म्हणत नाही बघा. भांडण फक्त माल कुठल्या बंदरातून जायचा याचं." शेवटी ठरलेलं वाक्य: "तह होईपर्यंत माल बंदरातच." जेवायला कधी येताय विचारलं, तरी हेच. डोकं उठायचं अगदी.

भूकंप झाला तेव्हा त्यांची लेक मुक्ता पहिलीत जायची होती, एप्रिलमध्ये. फुटलेल्या अणुभट्टीच्या किरणोत्सर्गाच्या धास्तीनं मेधा, त्यांची बायको, तिला घेऊन पुण्याला गेली ती गेलीच. ती म्हणे, तुम्ही इकडे या. हे म्हणत, तुम्ही परत या. मुक्तासाठी घेतलेलं लाल दप्तर, इथली पहिलीची मुलं नेतात ते कडक चामड्याचं, दारातल्या चपलांच्या कपाटावर तसंच पडून. एकदा मी धूळ पुसायला उचललं, तर म्हणाले, "राहू द्या वहिनी. तह होईपर्यंत..."

दोन हिवाळे गेले. मी पुण्याहून परतले, तर लिफ्टपाशी देवस्थळी. "मुक्ता भेटली?"

भेटली होती. मी जपानीत बोलून पाहिलं, तर नुसती हसली. सगळं विसरली होती. मेधाचा निरोप होता, आता तिची शाळा बदलायची नाही, आम्ही इथेच राहणार. मी तो जसाच्या तसा सांगितला. गोड करून तरी काय सांगणार? त्या दिवशी त्यांनी बॅग उघडायला सांगितली नाही.

मार्चमध्ये एका सकाळी ते दारात आले, हातात लाल दप्तर. आमची सई त्या एप्रिलमध्ये पहिलीला जाणार होती.

"माल सोडला," म्हणाले.

सईनं ते लगेच पाठीवर चढवलं आणि जपानीत आभार मानले. मी नको म्हणणार, तोच ते म्हणाले, "जकात आहे हं. रोज शाळेत जाताना हिनं माझ्या दारावरून जायचं."

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, त्यांचं सातव्या. सई रोज आधी वर जाते, मग खाली.