हौसाबाईवरून गेलेली रेघ

जिल्ह्याच्या कार्यालयात नकाशावर पेन्सिलीने आखलेली नव्या वीजवाहिनीची रेघ मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता कोळघर गावात उमटली.

ती वीतभर रुंद, राखाडी आणि अगदी सरळ होती. हात लावला की बोट काळं व्हायचं. पूर्वेच्या ओढ्यातून ती गावात शिरली, खालच्या वस्तीतल्या बारा घरांत पुढच्या दाराने आत गेली, टोपल्यांत झाकून ठेवलेल्या भाकऱ्यांवरून सरकली आणि मागच्या भिंती चढून बाहेर पडली. अशा रेघा हल्ली बऱ्याच गावांत उमटत असल्यामुळे फारसं कुणी दचकलं नाही.

वस्तीतली माणसं त्या वेळी कामावर गेली होती. घरापुढे शिंदीच्या पाल्याच्या केरसुण्या बांधत बसलेली हौसाबाई वायदंडे तेवढी मध्ये आली. रेघ तिच्या डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेपर्यंत गेली. हौसाबाईने लुगडं बदललं, तर दुसऱ्या लुगड्यावरही ती होतीच. तिचा नवरा ज्ञानू गवंडीकाम करायचा. त्याने संध्याकाळी घरातली रेघ विटेच्या तुकड्याने घासून काढली. दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडल्यावर आरेखक तेरदाळे मॅडमना नकाशावर एक जागा पुसट दिसली, त्यांनी पेन्सिल फिरवली, आणि ज्ञानूच्या घरात रेघ पुन्हा आली. हौसाबाईच्या अंगावरची मात्र विटेनेही गेली नाही.

गावाचं एकूण मत रेघेला अनुकूल होतं. सरपंच भगवानराव खराडे यांची द्राक्षबाग तिच्यापासून चांगली चाळीस फूट लांब राहिली होती. चावडीवर नोटीस लागली. हरकतींसाठी तीस दिवस दिले होते. एकतिसाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता रेघ शाईने पक्की होणार होती. शाईची रेघ बदलत नाही, टॉवर तिच्यावरच उभे राहतात आणि खाली घर किंवा बाग असेल तर ती उठवावी लागते. भगवानराव म्हणाले की विकासासाठी कुणीतरी त्याग करायलाच हवा. तो खालच्या वस्तीने करावा, यावर ग्रामसभेत कुणाचंही दुमत झालं नाही. खालच्या वस्तीला ग्रामसभेचं बोलावणं नव्हतं.

शुक्रवारी हौसाबाई नेहमीप्रमाणे केरसुण्यांचा भारा डोक्यावर घेऊन बाजाराला निघाली. ती वस्तीबाहेर पडली तशी रेघही वस्तीबाहेर पडली. रेघेची दोन टोकं दोन वीज उपकेंद्रांत पक्की होती, पण मधला भाग हौसाबाईला धरून होता. ती चालेल तिकडे त्याचं कोपर वळत गेलं. द्राक्षबागेच्या फाटकाशी तिच्या पायात काटा मोडला. भारा उतरवून, खाली बसून तिने तो सावकाश काढला. तेवढ्या वेळात रेघ बागेच्या सतरा ओळींवरून आडवी गेली, भगवानरावांच्या दुमजली घराच्या दिवाणखान्यात शिरली आणि ते जेवत होते त्या ताटावर येऊन थांबली. वरण एका बाजूला राहिलं, भात दुसऱ्या बाजूला.

शनिवारी उपअभियंता सलीम मोमीन आणि तेरदाळे मॅडम जीपने आले. मोमीन साहेबांनी हौसाबाईला पूर्वेकडे दहा पावलं चालायला लावलं, मग पश्चिमेकडे दहा. तेरदाळे मॅडम मांडीवर नकाशा पसरून बघत होत्या. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली. नियम सरळ होता. पेन्सिल टेकवताना जे रेघेखाली येतं ते रेघेचा भाग होतं, आणि ते चालतं असेल तर रेघ चालते. अशा जागेला कोनबिंदू म्हणतात. एरवी कोनबिंदू म्हणून एखादा दगड निवडला जातो.

मोमीन साहेबांनी तिथेच पत्र लिहून दिलं की कोनबिंदूने पुढील आदेशापर्यंत पूर्वपरवानगीशिवाय जागा सोडू नये.

"पाणी कुणी आणायचं मग?" हौसाबाईने विचारलं.

मोमीन साहेबांनी नियमांचं पुस्तक शेवटपर्यंत चाळलं. ते भले गृहस्थ होते. कोनबिंदूच्या पाण्याबद्दल तरतूद आढळत नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं आणि पत्र परत घेतलं.

त्या दिवसापासून गावाचं वागणं बदललं. पूर्वी हौसाबाईला घराच्या पायरीखाली उभं करून 'ए हौशे' म्हणत केरसुणी घ्यायचे. आता लोक तिला लांबूनच 'हौसाबाई' म्हणून हाक मारत आणि कृपा करून इकडे येऊ नका, केरसुण्या आम्हीच येऊन नेतो, अशी विनंती करत. काहींनी हातही जोडले. शेजारच्या वडजाई गावात तिची बहीण दिली होती. ती बहिणीकडे निघालीय अशी अफवा उठली, तर वडजाईकरांनी शिवेवर नारळ आणि खण घेऊन पाच सुवासिनी उभ्या केल्या. तिची ओटी भरून तिला तिथूनच सन्मानाने परत पाठवण्यात आलं.

भगवानराव खालच्या वस्तीत आले ते दुसऱ्या आठवड्यात. तिथे येण्याची त्यांची पहिलीच वेळ. त्यांनी ज्ञानूच्या घरी चहा घेतला, कपाची तारीफ केली आणि हौसाबाई घराबाहेर पडली नाही तर गावावर किती उपकार होतील ते समजावून सांगितलं. हौसाबाईने विचारलं की घराबाहेर नाही पडले तर घरावरून तारा जाणार, मग मी घर कुठं न्यायचं? भगवानराव म्हणाले, त्यावर आपण समिती नेमू.

ते गेल्यावर ज्ञानू म्हणाला की सरळ बागेत जाऊन बस. हौसाबाईला ते पटलं नाही असं नाही. दोन दिवस ती त्याच विचारात होती. पण बागेत छाटणीला वस्तीतल्याच बाया जायच्या. बाग उठली तर त्यांनी कुठं जायचं?

तिसऱ्या आठवड्यात तेरदाळे मॅडम पुन्हा आल्या. हौसाबाईने त्यांना घोंगडी अंथरली आणि नकाशा मागितला. तिला वाचता येत नव्हतं, पण ओढा, देऊळ, बाग सगळं तिने बोटाने बरोबर दाखवलं. मग तिचं बोट गावाच्या पश्चिमेला थांबलं.

"ह्यो म्हसोबाचा माळ. हितं घर न्हाई, झाड न्हाई. हितनं का न्हाई काढली?"

तेरदाळे मॅडमनी नकाशा आपल्याकडे वळवला.

"पट्टी एक फुटाची होती," त्या म्हणाल्या. "माळावरून न्यायची तर ती दोनदा ठेवावी लागते."

"आन आमची वस्ती?"

"कागदावर तिथं वस्ती नाही. मोकळी जागा आहे."

हौसाबाई यावर चिडली नाही. आपली घरं कागदावर नाहीत हे तिला लग्न होऊन आल्यापासून माहीत होतं. घरांची नोंद करण्याचा ठराव भगवानरावांच्या वडिलांच्या काळापासून पंचायतीच्या कपाटात होता. त्याच्यावर फक्त सहीच काय ती राहिली होती. तिने एवढंच विचारलं की शाईच्या दिवशी आपण माळावर जाऊन उभं राहिलो तर? तेरदाळे मॅडम म्हणाल्या, तर रेघ माळावरून पक्की होईल. पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची. शाई जवळ येताना दिसेल, ती दोन बोटांवर आली की जागा सोडायची. तेवढ्या क्षणी पेन्सिल सुटते. नाही सोडली तर माणूस शाईत जातं, आणि शाई काही हलत नाही.

एकतिसाव्या दिवशी, गुरुवारी, हौसाबाईने सकाळीच भाकरी बांधून घेतली आणि ती माळाकडे निघाली. माळाची वाट बागेवरूनच जाते. भगवानराव पहाटेपासून फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. हौसाबाई फाटकासमोर आली आणि थांबली. रेघ सतरा ओळींवरून येऊन भगवानरावांच्या खुर्चीखाली पोचली. सव्वादहा झाले होते.

"पाय दुखाय लागलं जरा," असं म्हणून हौसाबाई खाली बसली.

भगवानरावांनी पाणी मागवलं. ती पाणी प्यायली. त्यांनी मोटारसायकलवरून सोडतो म्हटलं. ती म्हणाली, सवय न्हाई. हौसाबाईने पदराने वारा घेतला आणि द्राक्षं यंदा बरी धरलीत असं म्हणाली. भगवानराव रेघेकडे बघत होते. थोड्या वेळाने त्यांना कपाटातला ठराव आपणहून आठवला. ग्रामसेवकाला फोन गेला. तो चप्पल न घालताच ठराव आणि शिक्का घेऊन धावत आला. भगवानरावांनी फाटकाच्या खांबावर कागद ठेवून सही केली.

"वाचून दाव," हौसाबाई ग्रामसेवकाला म्हणाली.

त्याने बाराही घरांची नावं वाचली. तिने परत वाचायला सांगितलं. दुसऱ्यांदा वाचताना वायदंडे हे नाव आलं तेव्हा ती कागदाकडे अशी बघत राहिली की भगवानरावांनाही घड्याळ दाखवायचं धाडस झालं नाही. मग तिने घडी घालून कागद कनवटीला लावला आणि मोटारसायकलवर बसायला तयार झाली.

अकराला सात मिनिटं कमी होती. भगवानरावांनी आयुष्यात एवढ्या जोरात गाडी चालवली नव्हती. मागून रेघ उसातून, हरभऱ्यातून आणि रवंथ करणाऱ्या दोन म्हशींवरून फरफटत येत होती. माळ चढून ते पोचले तेव्हा दोन मिनिटं शिल्लक होती. हौसाबाई एक बरी सपाट जागा बघून उभी राहिली. भगवानरावांनी तिचं मनगट पकडलं. तिने हलू नये म्हणून. पंचायतीच्या पायरीवरसुद्धा त्यांनी तिला कधी येऊ दिलं नव्हतं, पण त्या वेळी ते त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

बरोबर अकरा वाजता पूर्वेकडून शाई निघाली. काळीभोर, चकाकती रेघ ओढा ओलांडून, वस्तीला बाहेरून वळसा घालून माळ चढू लागली. तेरदाळे मॅडमचा हात फार सुबक होता. हौसाबाईने भगवानरावांना शांतपणे सांगितलं की आता मनगट सोडा, दोन बोटांवर आली की मला बाजूला व्हायचंय, मॅडमनीच सांगितलंय.

भगवानरावांना ते खरं वाटलं नाही. सही तर होऊन गेली होती. आता ही हलणार, रेघ माघारी बागेवर जाणार आणि आपण फसणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. हौसाबाईने मनगट सोडवून घेतलं आणि शाई दोन बोटांवर असताना एक पाऊल मागे घेतलं. ती जागा रिकामी राहू नये म्हणून भगवानरावांनी तिथे उडी मारली.

शाई त्यांच्या डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेपर्यंत गेली आणि पश्चिमेकडे निघून गेली.

हौसाबाईच्या अंगावरची पेन्सिल तेरदाळे मॅडमनी दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या खोडरबराने पुसली. भगवानरावांचं काही करता आलं नाही. त्यांचे पाय माळावरून उचलत नव्हते. त्यांनी हरकत नोंदवली, पण मुदत आदल्या दिवशी संपली होती, आणि ही गोष्ट मोमीन साहेबांनी त्यांना फार वाईट वाटून सांगितली. उन्हाळ्यात टॉवर आले. टॉवर क्रमांक बत्तीसचे चार पाय नियमानुसार भगवानरावांच्या चार बाजूंना रोवले गेले. त्यामुळे त्यांना बाजेपुरती जागा आणि थोडी सावली मिळाली.

गावात हौसाबाईला काही जण पुन्हा 'ए हौशे' म्हणू लागले. काहींच्या तोंडी 'हौसाबाई' बसलं ते बसलंच. केरसुण्या मात्र ती आता घरूनच विकते. लोकांना तिच्या दारी यायची सवय झाली आहे.

सरपंचाशिवाय ग्रामसभा भरवता येत नसल्यामुळे ती आता म्हसोबाच्या माळावर, टॉवर बत्तीसखाली भरते. माळावर पायऱ्या नाहीत, तेव्हा सगळे खालीच बसतात. खालच्या वस्तीतले लोक लवकर पोचतात म्हणून पुढे बसतात. गेल्या सभेत हौसाबाईने पाण्याच्या नळाचा विषय काढला. भगवानरावांनी विचार करायला वेळ मागितला. आपल्याला घाई नाही, असं सभेने त्यांना सांगितलं, आणि सगळे वाऱ्याला बसून राहिले.