दाढदुखीवर वाफेचं इंजिन

दाताच्या डॉक्टरला लोक घाबरतात, यावर मी कायमचा इलाज शोधून काढला होता. बायकोला म्हटलं, "आठवडाभर थांब. पेशंट हसत हसत खुर्चीत बसतील."

इलाज म्हणजे वाफेच्या इंजिनाचं वीतभर मॉडेल. सुट्टीच्या दिवशी बसून बसून दोन वर्षांत घडवलेलं. काळं कुळकुळीत अंग, पितळी शिट्टी, चाकांना जोडणारे काडीएवढे दांडे, आणि मागे खसखशीएवढा कोळसा. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत टेबलावर रूळ मांडले, बोगदा केला, वर कापसाचे ढग टांगले. कापसाला आमच्याकडे तोटा नाही. बटण दाबलं की इंजिन धुराची बारीक रेघ सोडत, चार डबे ओढत असं संथ निघायचं, की बघणाऱ्याच्या पापण्या जड व्हाव्यात.

भीती पहिल्याच दिवशी गेली. तिच्याबरोबर आत यायची इच्छाही गेली.

"पुढचा नंबर," बायको पुकारायची.

"एवढी बोगद्यातून बाहेर येऊ दे," पेशंट म्हणायचा. गाडी बाहेर यायची आणि तो ती पुन्हा आत जायची वाट बघत बसायचा. कपडे शिवणाऱ्या एक बाई तर गाल धरून पुटपुटल्या, "मी तिसऱ्या डब्यात आहे, खिडकीशी. उतरले की येते." त्या संध्याकाळपर्यंत उतरल्याच नाहीत.

महिन्याभरात बाहेर उभं राहायला जागा उरली नाही, आणि आत मी रिकाम्या खुर्चीत बसून स्वतःचेच दात आरशात तपासू लागलो.

सगळ्यांत पुढे बसायचे निवृत्त स्टेशनमास्तर. दाढेसाठी म्हणून रोज यायचे. एका दुपारी ते गालाला मफलर बांधून आले आणि इंजिनातला इवलासा ड्रायव्हर नीट दिसावा म्हणून अगदी खाली वाकले. मफलरचं टोक चाकात गेलं. दचकून ते ताठ उभे राहिले, तर इंजिन आणि चारही डबे हनुवटीखाली लोंबकळत त्यांच्याबरोबर वर आले. मग मफलर सुटला आणि सगळी गाडी फरशीवर आदळली.

इंजिनाचा एक दांडा वाकला होता. इंजिन उचलून मी पेशंटच्या खुर्चीत ठेवलं, दिवा लावला आणि सगळ्यांत बारीक चिमटा घेतला. मान वर केली तर सगळी बाहेरची खोली आत आली होती. माझ्याभोवती वीसेक माणसं तोंडं उघडी टाकून उभी. दाताच्या डॉक्टरला याहून काय हवं?

"दुखणार तर नाही ना?" शिवणाऱ्या बाईंनी हळूच विचारलं.

"अजिबात नाही," मी इंजिनाकडे बघत म्हणालो.

दांडा सरळ झाला. गाडी पुन्हा रुळांवर निघाली आणि तिच्यामागे सगळे बाहेर गेले. एकटे स्टेशनमास्तर मागे राहिले. डोळे पाणावलेले.

"डॉक्टर, हात फार हलका आहे हो तुमचा."

मी फुलून गेलो. खुर्ची पुसली आणि म्हटलं, "बसा ना मग. दोन मिनिटांत दाढ काढतो."

त्यांनी ओशाळून मफलर सारखा केला.

"ती सकाळीच काढली. त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे. त्यांच्याकडे गाडी नाही ना, लगेच नंबर लागतो."